संपर्काचा फॉर्म: बॉट बाहेर, आपली माणसं आत

बेळगावात इंजिनिअरिंग किंवा डिप्लोमा करणारी मुलं शेवटच्या वर्षाला आली की स्वतःची वेबसाइट करायला घेतात. पुण्याला नाहीतर बेंगळुरूला मुलाखतीला जायचं तर दाखवायला काहीतरी हातात हवं. त्या वेबसाइटवरचं सगळ्यांत लहान पान म्हणजे संपर्काचं: नाव, ई-मेल, निरोप आणि 'पाठवा'चं बटण. मी बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या छोट्या धंदेवाल्यांच्या वेबसाइट करतो, आणि माझं ठाम मत आहे की नवख्याचा कस याच पानावर लागतो. बाकीची पानं लोक नुसती वाचतात. इथं मात्र कुणीही अनोळखी माणूस तुमच्या सर्व्हरवर स्वतःचा मजकूर आणून टाकतो.

नेटवर 'सुरक्षित फॉर्म' म्हणून जो तयार कोड मिळतो तो बहुधा दोन टोकांपैकी एका टोकाला असतो. एक तर दार सताड उघडं, नाहीतर असं बंद की देवनागरीत 'लक्ष्मी' लिहिलं तरी 'अवैध नाव' म्हणून परत पाठवतं. आपल्या भागात दुसरा दोष पहिल्याइतकाच महागात पडतो. एकाच गल्लीत एक जण मराठीत नाव लिहिणार, शेजारचा कन्नडमध्ये, कॉलेजातली पोरगी इंग्रजीत. तिघांचाही निरोप पोचला तरच तो फॉर्म कामाचा.

आधी पायाभूत गोष्टी पटकन सांगतो. एचटीटीपीएस, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातली माहिती वाटेत कुणाला वाचता येऊ नये अशी जोडणी, हवंच. त्यासाठी लागणारं लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं सर्टिफिकेट फुकट मिळतं, बऱ्याच होस्टिंगच्या पॅनेलमध्ये ते एका बटणावर चालू होतं, म्हणून त्यासाठी कुणी वेगळे पैसे मागितले तर आधी पॅनेल उघडून बघा. त्याची मुदत ९० दिवसांची असते. मुदत संपत आल्याची ई-मेल लेट्स एन्क्रिप्टनं जून २०२५पासून बंद केली आहे, त्यामुळे नूतनीकरण आपोआप होतंय ना, हे तुम्हालाच बघायचं आहे. क्रोम तर जुलै २०१८पासून एचटीटीपीएस नसलेल्या पानावर 'नॉट सिक्युअर' असा शिक्का दाखवतं, आणि तो वाचून गिऱ्हाईक मागे फिरतं. फॉर्मची पद्धत 'पोस्ट' ठेवा. 'गेट' ठेवली तर भरणाऱ्याचा फोन नंबर वरच्या पत्त्याच्या पट्टीत दिसतो, ब्राउझरच्या हिस्ट्रीत राहतो आणि सर्व्हरच्या लॉगमध्येही साठतो.

ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्टनं केलेली तपासणी ही भरणाऱ्याच्या सोयीपुरती असते. बॉट, म्हणजे आपोआप फॉर्म भरत सुटणारा प्रोग्रॅम, बहुतेक वेळा तुमचं पान उघडतच नाही, तो थेट सर्व्हरच्या पत्त्यावर मजकूर फेकतो. त्यामुळे प्रत्येक तपासणी सर्व्हरवर पुन्हा करायची. मुलाखतीत फॉर्मविषयी प्रश्न आला तर बहुधा इथूनच सुरुवात होते, आणि इथं अडखळणारी मुलं पुष्कळ असतात.

आता ज्यानं खरं नुकसान होतं ते. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखानदारांची तक्रार होती की त्यांची कोटेशनं पुण्याच्या पार्ट्यांना दिसतच नाहीत, सगळी स्पॅममध्ये जातात. मेलचा लॉग उघडला तर त्यांच्या डोमेनवरून अनोळखी पत्त्यांवर ढिगानं मेल गेलेल्या. मूळ होतं जुन्या वेबसाइटवरचा संपर्काचा फॉर्म. ई-मेलच्या वरच्या भागात 'कोणाकडून', 'कोणाला', 'विषय' अशा ओळी असतात आणि प्रत्येक ओळ नव्या ओळीवर सुरू होते. त्या फॉर्ममध्ये साइटवर आलेल्या पाहुण्यानं टाकलेला ई-मेल पत्ता जसाच्या तसा 'कोणाकडून'च्या ओळीत चिकटवला जात होता. बॉटनं त्या रकान्यात पत्ता टाकला, पुढे नवी ओळ टाकली आणि तिच्यात 'बीसीसी' (गुपचूप प्रत कुणाला) लिहून पत्त्यांची रांग लावली. सर्व्हरला ती आपलीच ओळ वाटली. कारखानदाराच्या नावावर भलत्याचीच जाहिरात गेली आणि डोमेनची पत बुडाली. ती पुन्हा उभी राहायला फार वेळ लागतो. तोवर ऑर्डरी दुसरीकडे जातात.

यावर उपाय सोपा आहे. एका ओळीच्या कुठल्याही रकान्यात नवीन ओळीचं चिन्ह आलं तर तो निरोप तिथंच नाकारायचा. पीएचपी या सर्व्हरवरच्या भाषेचं साधं मेल फंक्शन वापरण्यापेक्षा पीएचपीमेलरसारखी लायब्ररी (तयार कोडचा संच) घ्या, ती हे आपणहून सांभाळते. पण लायब्ररी अद्ययावत ठेवायला हवी. याच पीएचपीमेलरमध्ये डिसेंबर २०१६मध्ये असं भगदाड सापडलं होतं की त्यातून थेट सर्व्हरवर कोड चालवता येत होता. 'एकदा बसवलं, झालं' असं यात नसतं.

याच जागी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. 'कोणाकडून'च्या ओळीत कायम तुमच्या स्वतःच्या डोमेनचा पत्ता असावा, पाहुण्याचा पत्ता 'रिप्लाय-टू'मध्ये. तुमचा सर्व्हर जीमेल किंवा याहूच्या नावानं मेल पाठवू लागला की समोरचा मेल-सर्व्हर त्याला तोतया समजतो, आणि त्याचं बरोबरच असतं. याहूनं २०१४मध्येच जाहीर धोरण लावलं की त्यांच्या नावानं दुसरीकडून आलेली मेल नाकारा. डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे त्याच्या पत्त्यांच्या नोंदवहीत, एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तीन नोंदी करून घ्या; मेल खरंच तुमच्याकडून आली का, हे समोरच्याला त्यावरून पडताळता येतं. ते केलं की 'फॉर्म भरला पण मेल आलीच नाही' ही तक्रार बरीचशी थांबते.

आता नावांकडे येतो. यावर मी जास्त बोलणार आहे, कारण बाहेरच्या मार्गदर्शनात हे सहसा नसतं आणि आपल्याकडे रोज लागतं. एका साडीच्या दुकानाची साइट माझ्या हाती आली तेव्हा वडगावच्या एका विणकर काकांचा दुकानात फोन आला होता: "तम्मा, नाव टाकूलालोय मी, घेईनाच झालंय की हे!" आत पाहिलं तर नावाच्या रकान्यावर 'ए ते झेड' एवढ्याच अक्षरांची अट. हे काढून लोक काय करतात, तर युनिकोडमधला (सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणारी पद्धत) 'अक्षर' हा वर्ग लावतात आणि काम झालं म्हणतात. झालेलं नसतं. युनिकोडच्या हिशेबात काना, वेलांटी, उकार, मात्रा, अनुस्वार आणि पायमोडकं चिन्ह ही अक्षरं नाहीत, ती 'चिन्ह' या वेगळ्या वर्गात येतात. म्हणजे 'कमल' पास होते आणि 'कमला' नापास. 'गगन' आत, 'किरण' बाहेर. चाचणी करणाऱ्यानं नेमकं 'कमल' टाकून पाहिलं तर हा दोष कधी दिसतच नाही.

चिन्हांचा वर्ग जोडला तरी एक कोपरा राहतो. 'कऱ्हाडकर'मधला तो चंद्रकोरीसारखा र काही कीबोर्डवर एका अदृश्य जोडचिन्हाच्या मदतीनं उमटतो. डोळ्यांना काही दिसत नाही, पण ते चिन्ह अक्षरांतही बसत नाही आणि मात्रांच्या वर्गातही नाही. कन्नडमध्येही अशी अदृश्य चिन्हं लागतात. म्हणून नावाच्या रकान्यावर अक्षरांची यादी लावूच नये, असं मी म्हणतो. नवी ओळ आणि तसली नियंत्रण-चिन्हं नाकारा, लांबीला मर्यादा घाला, बस्स. नावाच्या लिपीवरून कुणी चोर ठरत नाही.

लांबी मोजतानाही जपून. 'लक्ष्मी' दिसायला दोन अक्षरांचं नाव, पण युनिकोडमध्ये ते ७ चिन्हांचं आहे (ल, क, पायमोडकं, ष, पायमोडकं, म, वेलांटी) आणि यूटीएफ-८मध्ये, म्हणजे ती चिन्हं बाइटमध्ये साठवायच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं, म्हणजे २१ बाइट. पीएचपीचं जुनं 'स्ट्रलेन' बाइट मोजतं. त्यावर ५०ची मर्यादा ठेवली तर वडिलांचं नाव आणि आडनाव जोडणारा मराठी माणूस हमखास अडकतो. 'एमबी' उपसर्गाचं फंक्शन चिन्हं मोजतं, ते वापरा. डेटाबेस मायएसक्यूएल असेल तर 'यूटीएफ८एमबी४' निवडा, नाहीतर निरोपात कुणी नमस्काराचा इमोजी टाकला की नोंद अडते. फोन नंबरात देवनागरी किंवा कन्नड आकडे येतात, मध्ये जागा असते, पुढे शून्य किंवा ९१ असतं. ते सगळं सर्व्हरवर सरळ करून घ्या. माणसाला पुन्हा भरायला लावू नका.

असंच निरोपाच्या मजकुराचं. आलेल्या मजकुरातली कोनाकृती चिन्हं छाटून टाका, असं बरेच जण शिकवतात. हेतू चांगला: कुणी निरोपात स्क्रिप्ट दडवली आणि तुम्ही तो निरोप साइटच्या ॲडमिन पॅनेलमध्ये उघडला, तर ती स्क्रिप्ट तुमच्याच लॉगिनच्या ताकदीवर चालते. पण फाउंड्रीला चौकशी पाठवणारा 'जाडी <८ मिमी, नग ५००' असं लिहितो. छाटणारं फंक्शन '<' पासून पुढचा सगळा मजकूर टॅग समजून गिळतं आणि चौकशीत फक्त 'जाडी' उरतं. मजकूर जसा आला तसा साठवा, आणि पानावर दाखवायच्या क्षणी त्याचं एचटीएमएल निष्प्रभ करा. डेटाबेसमध्ये घालताना प्रिपेअर्ड स्टेटमेंट वापरा, त्यात आज्ञा आणि मजकूर वेगळे राहतात, मग एसक्यूएल इंजेक्शनची, म्हणजे मजकुरातून डेटाबेसला आज्ञा घुसवण्याची, भीती राहत नाही.

बॉटसाठी माझी पहिली पसंती सापळ्याच्या रकान्याला. 'वेबसाइट' असा एक जादा रकाना ठेवा आणि सीएसएसनं तो माणसांच्या नजरेआड करा. भोळे बॉट दिसेल तो रकाना भरतात, तो भरलेला आला की निरोप टाकून द्या. त्याचं ऑटोफिल बंद करा, टॅबच्या क्रमातून काढा आणि स्क्रीन-रीडरलाही तो वाचू देऊ नका, म्हणजे अंध वापरकर्ता त्यात सापडणार नाही. त्याच्या जोडीला वेळेची तपासणी: पान उघडल्यावर दोन-तीन सेकंदांत भरून आलेला फॉर्म माणसाचा असणं कठीण. कॅप्चा, म्हणजे 'मी माणूस आहे' हे सिद्ध करायला लावणारं कोडं, मी शेवटी ठेवतो. जांबोटी-कणकुंबीच्या रानात नेटवर्क ये-जा करतं. तिथं बाहेरून येणारी कॅप्चाची स्क्रिप्ट उतरली नाही तर बटण मुकं होऊन बसतं. एका आयपी पत्त्यावरून तासाला किती निरोप घ्यायचे याची मर्यादा जरूर घाला, पण हात सैल ठेवून. मोबाइल कंपन्या एकाच पत्त्यामागे पुष्कळ ग्राहक ठेवतात, तेव्हा फार कडक मर्यादा लावली तर एकाच्या नादात बाकीचे अडतात. सीएसआरएफ टोकन, म्हणजे फॉर्म तुमच्याच पानावरून आला याची खूण, फ्रेमवर्क देत असेल तर घ्या. लॉगिन नसलेल्या फॉर्मला त्याचा फायदा मर्यादित आहे, आणि पान कॅश होत असेल (साठवलेली जुनी प्रत दाखवली जात असेल) तर शिळ्या टोकनमुळे खरे निरोपही परत जातात, ते तपासा.

मेलचा पासवर्ड कोडमध्ये लिहू नका. जीमेलमधून पाठवायचं तर टू-स्टेप चालू करून १६ अक्षरांचा ॲप पासवर्ड काढा, तो 'पब्लिक एचटीएमएल' या जगाला दिसणाऱ्या फोल्डरच्या बाहेरच्या फाइलमध्ये ठेवा आणि ती फाइल गिटच्या (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) दुर्लक्ष-यादीत घाला. साइट गिटहब पेजेसवर असेल तर तिथं तुमचा कोड चालवणारा सर्व्हरच नसतो. मग फॉर्मस्प्रीसारखी निरोप पोचवणारी बाहेरची सेवा घ्यावी लागते, आणि लोकांची माहिती तिसऱ्याकडून जाते हे पानावर स्पष्ट लिहावं लागतं.

माहिती मागताना हात आखडता घ्या. जन्मतारीख, आधार, फाइल जोडायची सोय, यातलं साध्या संपर्काला काही लागत नाही. फाइल घेण्याची सोय तर नवख्यानं करूच नये. २०२३चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा आणि नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झालेले त्याचे नियम टप्प्याटप्प्यानं लागू होत आहेत. निव्वळ व्यक्तिगत कामाला तो लागत नाही, पण तुम्ही उद्या दुकानाची साइट करणार आहात. त्या कायद्यात माहिती घेण्याची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचण्याचा पर्याय लोकांना द्यायचा आहे. मराठी आणि कन्नड दोन्ही त्या अनुसूचीत आहेत. आमच्याकडच्या फॉर्मखाली मी तिन्ही भाषांत एकेक ओळ लिहितो: ही माहिती कशासाठी घेतो, किती दिवस ठेवतो, आणि काढून टाकायची असेल तर कुणाला सांगायचं.

काम झालं की स्वतःच बॉट बना. जावास्क्रिप्ट बंद करून भरा. कर्लनं, म्हणजे पान न उघडता मजकूर पाठवणाऱ्या कमांडनं, थेट सर्व्हरवर पाठवा. नावात 'कमला', 'कऱ्हाडकर' आणि एखादं कन्नड नाव घाला, ई-मेलच्या रकान्यात नवी ओळ घुसवा, दहा हजार अक्षरांचा निरोप चिकटवा. घरातल्या मोठ्या माणसाच्या हातात मोबाइल देऊन, काही न सांगता, एकदा भरायला लावा. मग मेल आली का, इनबॉक्समध्ये आली की स्पॅममध्ये, ते बघा. होस्टिंगवाल्यांनी काही बदललं की हीच चाचणी पुन्हा.

'आपला निरोप मिळाला' अशी आपोआप जाणारी मेल नव्या मुलांना फार आवडते. ती लावू नका. त्या रकान्यात कुणीही कुणाचाही पत्ता टाकू शकतो, आणि तुमचा सर्व्हर त्या तिऱ्हाइताला मेल पाठवत बसतो. निरोपाची प्रतही त्यात जोडलेली असेल तर स्पॅम पाठवणाऱ्याला आयतं साधन मिळतं. पोच स्क्रीनवरच द्या, मराठीत आणि कन्नडमध्ये, खाली दुकानाचा फोन नंबर ठेवून.