कोकणातल्या गेमसाठी शस्त्रे आपोआप कशी घडवावीत

कान्होजी आंग्रे यांच्या काळातील कोकण किनाऱ्यावर गेम बेतायचा असेल, तर प्रत्येक कोयता, कट्यार आणि तोडेदार बंदूक हाताने रचण्याऐवजी ती नियमांच्या आधारे संगणकाकडून घडवून घेता येते. ‘डायब्लो’ या गेमने मूळ वस्तूच्या नावाला मागे-पुढे गुणदर्शक शब्द जोडले, तर २००९ च्या ‘बॉर्डरलँड्स’ने बंदुकाच सुट्या भागांतून जुळवल्या; नवख्याने पहिली पद्धत घ्यावी, कारण तिला चित्रकाराची मदत फारशी लागत नाही.

प्रथम मूळ वस्तू, घडण (लोखंडी की लाकडी) आणि विशेष गुण असे तीन तक्ते तयार करून प्रत्येक नोंदीला भारांक, म्हणजे ती निवडली जाण्याची शक्यता ठरवणारा आकडा, द्यावा. दर्जाचीही निवड तशीच होते. समजा, साधी, बरी, उत्तम आणि दुर्मिळ यांचे भारांक ६०, २५, १२ आणि ३ आहेत. १ ते १०० मधील यादृच्छिक संख्या ६० पर्यंत आली तर वस्तू साधी, ८५ पर्यंत बरी, ९७ पर्यंत उत्तम आणि त्यापुढे दुर्मिळ ठरेल.

खरी मेहनत गुणांचे भारांक स्थळानुसार बदलण्यात आहे. खाऱ्या हवेत लोखंड लवकर गंजते, म्हणून पुळणीवर सापडणाऱ्या कोयत्याला ‘गंजलेला’ हा गुण लागण्याची शक्यता वाढवावी आणि खोबरेल चोपडून घरात जपलेल्या कट्यारीसाठी ती जवळपास शून्यावर आणावी. लाकडी वल्ह्याला मात्र गंज कधीच चढू नये, यासाठी प्रत्येक गुणापुढे तो कोणत्या घडणीला चालतो हे नोंदवावे. गुणांनी केवळ आकडे बदलूनही भागत नाही. शिशाच्या जड गोळ्या लावलेला पाग (फेकायचे जाळे) फेकायला वेळ लागावा, पण शत्रू त्यातून सहज सुटू नये. आघात पाचाने वाढवणाऱ्या शंभर कट्यारी खेळाडूला एकसारख्याच वाटतात.

मराठी नावांसाठी मूळ वस्तूंच्या तक्त्यात लिंगाचा रकाना ठेवावा आणि गुणाची तिन्ही रूपे लिहावीत, म्हणजे गंजलेला कोयता, गंजलेली कट्यार आणि गंजलेले चिलखत आपोआप जुळतात.

वस्तू जतन करताना केवळ बीजांक, म्हणजे यादृच्छिक संख्यांची मालिका जिथून सुरू होते तो आकडा, साठवला तरी ती पुन्हा घडवता येते. परंतु पुढे तक्त्यात एखादी ओळ वाढली, की त्याच बीजांकातून भलतीच वस्तू निघू शकते आणि खेळाडूच्या हातातील कट्यारीचा कोयता होतो. त्यामुळे प्रत्येक नोंदीला कायमचा क्रमांक देऊन निवडलेले क्रमांकच जतन करणे मला अधिक सुरक्षित वाटते. शेवटी १०,००० वस्तू एकदम घडवून यादी तपासावी. त्यात दुर्मिळ वस्तू ३०० च्या आसपास नसतील, तर निवडीच्या बेरजेत कुठेतरी गफलत आहे.