व्हेंटवरचा (व्हेंटिलेटरवरचा) पेशंट खवळलाय? मिडाझ (मिडाझोलॅम, झोपेचं औषध) वाढवायच्या आधी हे बघा

आयसीयूत नवीन लागलेल्या सिस्टर-ब्रदरसाठी लिहितेय. पेशंट ट्यूब ओढायला लागला, पाय आपटायला लागला की कोणीतरी लगेच म्हणतं "सर मिडाझ वाढवूया का", आणि तो गप्प पडला की सगळे खूश. अहो पण त्याला दुखत असेल तर झोपेच्या औषधाने दुखणं थांबत नाही, फक्त त्याला ते दाखवता येत नाही. म्हणून सॅच्युरेशन, ट्यूब, शुगर बघून झालं की पहिला प्रश्न दुखण्याचा, सिडेशन (औषधाने झोपवणं) त्यानंतर.

बोलू शकत असेल तर सरळ विचारा, 0 ते 10 मध्ये किती दुखतंय. ट्यूब असेल तर सीपॉट (CPOT, दुखण्याचा स्कोअर) काढा, म्हणजे चेहरा, हालचाल, अंग किती ताठ आहे आणि व्हेंटशी भांडतोय का, प्रत्येकाला 0 ते 2, आठपैकी 3 किंवा जास्त आले तर दुखतंय असं धरून डॉक्टरांना सांगा. नुसत्या पल्स-बीपीवरून ठरवू नका. कूस बदलताना आणि सक्शनला (ट्यूबमधला कफ ओढताना) खूप दुखतं, तेव्हा फेंटा (फेंटानिल, दुखणं कमी करणारं औषध) किंवा जे काही ऑर्डरमध्ये असेल ते आधी द्यायचं, तो कळवळल्यावर नाही. आणि एकदा युरिन बॅग बघा हो, कॅथेटर ब्लॉक होऊन लघवी तुंबलेली असते आणि आपण इकडे पंपावर औषध वाढवत बसतो.

सिडेशनला रास (RASS) स्कोअर, +4 (एकदम खवळलेला) ते -5 (कशानेच जागा न होणारा). टार्गेट सहसा 0 ते -2, थोडक्यात हाक मारली की डोळे उघडले पाहिजेत. फिट्स, डोक्यातलं प्रेशर, स्नायू ढिले पाडणारं औषध असं काही नसताना पेशंट -4 ला पडून असेल तर राऊंडला विचाराच, डोस कमी करायचा का. आयसीयूतल्या दुखणं-सिडेशनच्या 2018 च्या गाइडलाइनमध्ये मिडाझपेक्षा प्रोपोफॉल किंवा डेक्समेड (डेक्समेडेटोमिडिन) ही सिडेशनची औषधं बरी असं म्हटलंय, आपल्याकडे मिडाझ स्वस्त म्हणून अजून धडाधड चालतं.

डिलिरियम (आजारपणात अचानक येणारा गोंधळ, भ्रम) म्हणजे फक्त आरडाओरडा नाही, छताकडे बघत गप्प पडलेले आजोबा जास्त सुटतात नजरेतून. प्रत्येक शिफ्टला कॅम-आयसीयू (CAM-ICU, डिलिरियम ओळखायची टेस्ट) करा, दहा अक्षरं म्हणायची, "ए" आला की हात दाबायला सांगायचं, दोनपेक्षा जास्त चुका म्हणजे लक्ष लागत नाहीये, मग पुढच्या स्टेप्स. रास -4, -5 असेल तर ही टेस्ट होत नाही. चष्मा, कानाचं मशीन घरून मागवा, रात्री लाइट कमी, दिवसा बसवा, घरच्यांना त्यांच्या भाषेत बोलू द्या. हात बांधल्याने बहुतेक जण अजूनच चिडतात. हॅलोपेरिडॉल (भास, खवळणं आवरायचं औषध) सरसकट द्यायचं नसतं.

एक वेगळं प्रकरण म्हणजे रोज पिणारा पेशंट, दारू बंद झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थरथर, घाम, भास सुरू झाले तर तिथे बेंझोच (मिडाझच्याच गटातलं औषध) लागतं, त्यामुळे ॲडमिशनलाच नातेवाइकांना बाजूला घेऊन किती पितात ते विचारून ठेवा. मुलगा "कधीतरी" म्हणतो, बायको खरं सांगते.