प्रयोग फसतोय? या चुका टाळा

जीवशास्त्राच्या लॅबमध्ये प्रयोग सलग फसायला लागला की नवखा संशोधक दोनपैकी एक गोष्ट करतो. स्वतःच्या हाताला दोष देत बसतो, नाहीतर एकाच दिवशी बफर, अँटीबॉडी, तापमान, वेळ असं सगळं बदलून टाकतो. दुसरी चूक जास्त महागात पडते, कारण मग प्रयोग जमला तरी कशामुळे जमला हे कळतच नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला. आणि सुरुवात करा ती आपण गृहीत धरलेल्या गोष्टींपासून.

पिपेट बरोबरच आहे असं मानणं

१९५७ मध्ये जर्मनीतल्या मारबुर्गला हाइनरिश श्निटगर यांनी मायक्रोपिपेट, म्हणजे अगदी थोडा द्रव मोजून घेणारं साधन, तयार केलं. त्याआधी काचेच्या नळीतून द्रव तोंडाने ओढायची पद्धत होती. आज हे साधन इतकं अंगवळणी पडलंय की ते चुकत असेल अशी शंकाही येत नाही. तपासणी मात्र सोपी आहे. अचूक तराजूवर छोटं भांडं ठेवून आकडा शून्यावर आणा आणि १०० मायक्रोलिटर शुद्ध पाणी सोडा. वजन ०.१ ग्रॅमच्या अगदी जवळ यायला हवं. हेच दहा वेळा करा. आकडे एकसारखे पण सतत कमी येत असतील तर पिपेट कॅलिब्रेशनला द्या. दर वेळी वरखाली होत असतील तर टिप नीट बसत नाही, आतलं सील गळतंय किंवा अंगठ्याचा वेग बदलतोय.

२०० मायक्रोलिटरच्या पिपेटने ५ मायक्रोलिटर मोजू नका. एन्झाइम बहुधा ग्लिसरॉलमध्ये असतात, म्हणून घट्ट. टिप खोल बुडवली तर बाहेरून चिकटलेला थेंबही सोबत जातो. टोक जेमतेम बुडवा, सावकाश ओढा, क्षणभर थांबा, मगच बाहेर काढा.

आरपीएम लिहून मोकळं होणं

सेंट्रिफ्यूज, म्हणजे नमुना वेगाने फिरवून त्यातले कण तळाशी बसवणारं यंत्र, वापरताना ‘१०,००० आरपीएमला (मिनिटाला इतके फेरे) दहा मिनिटं’ असं प्रोटोकॉलमध्ये लिहिलेलं असतं. रोटरची, म्हणजे त्याच्या फिरत्या भागाची, त्रिज्या ८ सेंटीमीटर असेल तर एवढ्या वेगाला सुमारे ९,००० जी (गुरुत्वाच्या इतके पट) बल मिळतं. १६ सेंटीमीटर असेल तर सुमारे १८,०००. दुसऱ्या लॅबमध्ये तळाशी बसणारा गोळा (पेलेट) आपल्याकडे का बसत नाही, याचं उत्तर कित्येकदा एवढंच असतं. वहीत आरपीएम नव्हे, ‘जी’चा आकडा लिहा.

कुपीवरच्या नावावर विश्वास

ही चूक मला सगळ्यांत गंभीर वाटते, कारण इथे प्रयोग फसत नाही. तो छान जमतो, फक्त भलत्याच पेशींवर. हेन्रिएटा लॅक्स यांच्या गाठीतून १९५१ मध्ये मिळालेल्या हेला पेशी झपाट्याने वाढतात आणि दुसऱ्या कल्चरमध्ये, म्हणजे लॅबमध्ये वाढवलेल्या पेशींमध्ये, शिरल्या की तिथल्या पेशींना मागे टाकतात. वेगवेगळ्या नावांनी वापरात असलेल्या अनेक सेल लाइन्स (लॅबमध्ये सतत वाढवत ठेवलेले पेशींचे वाण) प्रत्यक्षात हेलाच असल्याचे पुरावे स्टॅन्ली गार्टलर यांनी १९६६ मध्ये मांडले. तरी अशी सरमिसळ आजही सापडते. नवी सेल लाइन आली की एसटीआर प्रोफाइलिंग (डीएनएवरून पेशींची ओळख पटवणारी चाचणी) करून घ्या, मगच पहिला प्रयोग.

कल्चरमध्ये शिरणाऱ्या मायकोप्लाझ्मा या जीवाणूचंही तसंच. त्याला पेशीभित्तिका नसते, त्यामुळे पेनिसिलिन त्याच्यावर चालत नाही. माध्यम गढूळ होत नाही, साध्या सूक्ष्मदर्शकाखाली काही दिसत नाही, पेशी मात्र वेगळ्या वागू लागतात. पीसीआरने (डीएनएच्या असंख्य प्रती बनवणाऱ्या तंत्राने) नियमित तपासणी करा. दूषित कल्चर वाचवण्याच्या मोहात पडू नका. ते नष्ट करून गोठवलेल्या स्वच्छ साठ्यातून नव्याने सुरुवात करा.

पीसीआरमध्ये कोरं कंट्रोल न ठेवणं

एका डीएनए रेणूपासून ३० चक्रांत तात्त्विकदृष्ट्या शंभर कोटींहून जास्त प्रती होतात. त्यामुळे नमुना दूषित व्हायला जुन्या ट्यूबमधून उडालेला सूक्ष्म थेंबही पुरतो. म्हणून दर वेळी कोरं कंट्रोल, म्हणजे डीएनए न घातलेली एक ट्यूब, सोबत चालवा; तिच्यातही प्रती झाल्या तर दूषण झालंय हे कळतं. मिश्रण बनवायची जागा आणि जेल (डीएनएचे तुकडे वेगळे करून दाखवणारा थर) चालवायची जागा वेगळी हवी, पिपेटही वेगळं हवं.

एक्सेलबद्दलही एक वाक्य: ते काही जनुकांच्या नावांच्या तारखा करतं. हा त्रास इतका वाढला की २०२० मध्ये त्या जनुकांची अधिकृत नावंच बदलावी लागली. यादी उघडताना तो रकाना मजकूर म्हणूनच आयात करा.

माणसांच्या बाबतीत गृहीत धरणं

साधनं तपासणारे संशोधकही करिअरबद्दल विचारायला संकोचतात. गाइडला फक्त सुबक जेल दाखवायचं आणि फसलेली चार ड्रॉवरमध्ये ठेवायची, ही सवय फार नुकसान करते. पुढचे सहा महिने अपुऱ्या माहितीवर आखले जातात. फसलेली जेलही, कंट्रोलसकट, बैठकीत मांडा.

लेखकांच्या क्रमाबद्दल आकृत्या आकार घेऊ लागल्या की लगेच बोला आणि ठरलेलं ईमेलवर लिहून ठेवा. हस्तलिखित तयार झाल्यावर बोलणं अवघड होतं, मनंही दुखावतात.

लॅब निवडताना शोधनिबंधांची यादी सगळेच बघतात. तिथून बाहेर पडलेल्यांशी बोला: पीएचडीला किती वर्षं लागली, मधेच कोण सोडून गेलं, नव्या माणसाला प्रत्यक्ष शिकवतं कोण. आणि अख्खा प्रकल्प एकाच उपकरणावर किंवा बाहेरून येणाऱ्या नमुन्यांवर अवलंबून असेल, तर ते थांबल्यास माझा पर्यायी प्रश्न कोणता, हे रुजू होण्याआधीच विचारा.