‘फिफ्टी-फिफ्टी’ मोडायची कशी? सातवीच्या वर्गात संभाव्यता

सातवीतल्या मुलांना विचारा, “आज पाऊस पडेल का?” उत्तर येतं, “पडेल किंवा नाही पडणार, म्हणजे फिफ्टी-फिफ्टी.” दोन शक्यता दिसल्या की त्या सारख्याच, हा समज सूत्राने जात नाही. उलट सूत्र लवकर दिलं तर तो पक्का होतो: एकूण निष्पत्ती (येऊ शकणारे निकाल) दोन, हवी ती एक, उत्तर 1/2. म्हणून पहिल्या तासाला नाणं काढूच नका. अर्धे चिंचोके घ्या.

एक बाजू सपाट पांढरी, दुसरी फुगीर तपकिरी, साल शाबूत. चाळीस मुलांच्या वीस जोड्या, प्रत्येक जोडीला एक अर्धा चिंचोका आणि एक पेला. खेळण्याआधी प्रत्येकाने अंदाज वहीत लिहायचा: 100 वेळा टाकला तर पांढरी बाजू किती वेळा वर येईल? अंदाज लिहून घेतला नाही, तर नंतर सगळेच म्हणतात, “मला माहीत होतं.” मग पेल्यात घालून, तळहाताने झाकून, हलवून बाकावर पालथा करायचा. हाताने उडवला की तो जमिनीवर जातो आणि मुलं सोयीची बाजू तेवढी धरतात. खाली पडलेलं मोजायचं नाही, हा नियम आधीच सांगा. 100 वेळा टाकायला दहा-बारा मिनिटं लागतात.

वर्गाचे आकडे इथे एकत्र करू नका. प्रत्येक चिंचोक्याचा फुगवटा वेगळा, त्यामुळे प्रत्येकाचं प्रमाणही वेगळं. त्याऐवजी तोच चिंचोका पुन्हा 100 वेळा टाकायला लावा. पहिल्या खेपेचा आकडा आणि दुसऱ्या खेपेचा आकडा सहसा जवळजवळ येतात. ‘या वस्तूचं स्वतःचं असं एक प्रमाण आहे’ हे मुलांना इथे हाताने कळतं, आणि संभाव्यता म्हणजे तेच.

नाणं दुसऱ्या तासाला. प्रत्येक जोडीने 50 वेळा उडवायचं, पण ताळ्याच्या खुणा करायच्या नाहीत; ‘छा’ आणि ‘का’ क्रमाने लिहायचं, एका ओळीत दहा. क्रम लिहिला की दोन गोष्टी साधतात. एक म्हणजे मनाने भरलेली वही ओळखू येते: खऱ्या 50 मध्ये सलग चार सारखे बहुधा कुठेतरी येतातच, मनाने लिहिणारा मात्र तीनच्या पुढे जायला घाबरतो. दुसरी गोष्ट जास्त मोलाची. सलग तीन सारखे आले तिथे खूण करा आणि चौथा काय आला ते मोजा. वीस जोड्यांकडून अशा साधारण 235 जागा मिळतात. “आता काटा यायलाच हवा” म्हणणाऱ्याला समजावत बसावं लागत नाही. चौथा साधारण निम्म्या वेळा तोच आलेला त्याच्या समोरच असतो.

जोडीचे छापे बहुतेक वेळा 18 ते 32 च्या दरम्यान येतात. सगळ्यांच्या मिळून 1000 फेकी झाल्या की छाप्यांचं प्रमाण 0.5 च्या अगदी जवळ जातं. इथे “शेवटी बरोबरी होते” असं चुकूनही म्हणू नका. दुसऱ्या महायुद्धात डेन्मार्कमध्ये स्थानबद्ध असताना गणितज्ञ जॉन केरिच यांनी नाणं 10,000 वेळा उडवलं. छापे 5,067 आले. छाप्या-काट्यातला फरक तब्बल 134, तरी प्रमाण 0.5067. फरक मिटत नाही, मोठ्या संख्येपुढे तो लहान दिसतो.

दोन नाण्यांवर हमखास गाडी अडते. मुलं तीन निष्पत्ती सांगतात: दोन छापे, एक-एक, दोन काटे. ही चूक साधी नाही. दालांबेरसारख्या गणितीनेही 1754 मध्ये दोन फेकींत निदान एक छापा येण्याची संभाव्यता 3/4 ऐवजी 2/3 सांगितली होती. उपाय सोपा आहे: एक नाणं एक रुपयाचं, दुसरं पाचाचं, आणि वहीत दोन स्वतंत्र रकाने. छापा-काटा आणि काटा-छापा मग आपोआप वेगळे दिसतात. फाशांचंही तसंच, एक लाल, एक पांढरा. चौकटीच्या वहीत 6 × 6 तक्ता करून प्रत्येक घरात बेरीज लिहू द्या. 7 सहा घरांत सापडतो, 12 एकाच. 6/36 ला संक्षिप्त रूप देण्याची घाई करू नका. 36 दिसत राहिले तर तक्ता डोळ्यांपुढे राहतो. समसंभाव्य (सारखीच शक्यता असलेल्या निष्पत्ती) हा शब्द आणि सूत्र आता सांगा. नमुना अवकाश, म्हणजे सगळ्या निष्पत्तींचा संच, दहावीत येईलच.

चाचणीत एक प्रश्न जरूर ठेवा: काडेपेटी उडवली तर ती पसरट बाजूवर, कडेवर किंवा टोकावर उभी पडते, उभी पडण्याची संभाव्यता किती? पुष्कळ जण 1/3 लिहितील. “बाजू सारख्या नाहीत, टाकून बघावं लागेल” असं लिहिणाऱ्याला पूर्ण गुण द्या.