पाणलोट आणि वनीकरणाच्या कामात कुशल हात लागतात : या चुका टाळा

धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात एका टेकडीवरचे सलग समतल चर, म्हणजे पाणी मुरावं म्हणून उताराला आडवे, एकाच पातळीत खोदलेले लांब खड्डे, मी पहिल्या पावसानंतर पाहायला गेलो होतो. 60 सेंमी रुंद, 30 सेंमी खोल, मोजमाप पुस्तिकेत चोख बसणारे. पण एका टोकाला पाणी गोळा होऊन भराव फुटला होता आणि खाली घळ पडली होती. सोबतचे आबा म्हणाले, "भाऊ, रेघच वाकडी शे." खोदणाऱ्यांचं काहीच चुकलं नव्हतं. रेघ मारणारा माणूसच अंदाजपत्रकात नव्हता.

सरकारी पैशातल्या कामांत ही चूक सगळ्यात महाग पडते. खोदाईचे घनमीटर लिहिले जातात, आखणी कोणीतरी करेलच असं धरून चालतात. आखणीचे दिवस वेगळे दाखवा. समपातळीची रेघ आखायची ए-फ्रेम म्हणजे दोन काठ्या, एक आडवी पट्टी आणि दोरीला बांधलेला दगड. शिकायला फार वेळ लागत नाही, पण रोज सकाळी दोन्ही पायांची अदलाबदल करून मधली खूण तपासावीच लागते. वाऱ्यात दोरी हलते, तेव्हा दुपारचा वारा सुटायच्या आत आखणी उरका. चर आधीच खोदून झालेत आणि रेघ चुकलीय? सगळं बुजवू नका. चरात थोड्या थोड्या अंतरावर मातीचे आडवे बांध घाला, म्हणजे पाणी एका टोकाला धावणार नाही.

दुसरी गोची पैशांची. मनरेगाच्या 2005च्या कायद्यात कुशल आणि अर्धकुशल मजुरी साहित्याच्या खर्चात धरली होती आणि दोन्ही मिळून 40 टक्क्यांची मर्यादा होती. दगड-जाळीवरच ती संपवली की गवंड्याला काही उरत नाही. शिवाय अकुशल मजुरी थेट खात्यात यायची, कुशलची मात्र साहित्याच्या निधीबरोबर, रेंगाळत. मग गवंडी अर्धा गॅबियन, म्हणजे तारेच्या जाळीत दगड रचून केलेला बंधारा, सोडून घरबांधणीच्या कामावर निघून गेला, तर त्याला बोल कसा लावायचा? मातीची कामं आणि दगडी कामं एकाच अंदाजपत्रकात मांडा, म्हणजे प्रमाण सांभाळता येतं. गॅबियन मात्र मेअखेरीला सुरू करू नका. त्यात दगड ओतायचे नसतात, रचायचे असतात : जाळीच्या भोकापेक्षा मोठे दगड बाहेरच्या बाजूला, बारीक आत, आणि दोन्ही टोकं काठात नीट घुसवलेली. ट्रॉलीतून दगड ओतलेला गॅबियन पहिल्याच पुरात पोट काढतो.

शिरपूरसारखं नालाखोलीकरण, म्हणजे यंत्राने नाले खोल-रुंद करणं, आमच्याकडेही करा, असा ठराव ग्रामसभेत सहज होतो. शिरपूरकडे तापीच्या गाळाखाली पाणी अडवणारा पिवळ्या मातीचा थर आहे. तो कापून खाली गेलं की पाणी मुरतं. साक्रीकडच्या काळ्या पाषाणात हे गणित वेगळं. इथे जेसीबीच्या आधी भूवैज्ञानिक हवा.

कुशल म्हणजे प्रमाणपत्रवाला, ही समजूतही सोडा. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याचं जंगल गावाने राखलं आणि त्यात पुढाकार घेणाऱ्या चैत्राम पवार यांना 2025 मध्ये पद्मश्री मिळाली. तिथल्या राखणदारांच्या हातात कुठली पदविका होती? रोपवाटिकेचं काम देताना अंजनाच्या झाडाचं बी ओळखणारी बाई शोधा. अंजनाचं सोटमूळ रोप वर दिसायच्या आधीच खोल जातं. आखूड पिशवीत ते वळसे घेतं आणि लावलेलं रोप पुढे तग धरत नाही. लांब पिशवी घ्या, नाहीतर सरळ जागेवर बी टोका. पिशव्या मोजणाऱ्या साहेबांना हे पटवणं मला अजून जमलेलं नाही.

जंगलात माजणारी घाणेरी (लँटाना) वरून छाटली की पावसाळ्यात दुप्पट फुटते. जमिनीच्या दोन-तीन बोटं खाली, फुटवा येतो त्या गाठीच्या खालून सोटमूळ तोडायचं आणि झुडूप उलटं ठेवायचं. हे झुडपामागे इतके पैसे अशा दराने करून घेतलंत की मजूर वरूनच कोयता मारणार. मोबदला दिवसावर द्या.

आणि माणसं कधी गावात असतात ते बघा. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याकडची बरीच माणसं दिवाळीनंतर उसाच्या फडावर गुजरातेत जातात. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) परतलेल्यांना हाताशी धरून पावसाळ्याआधी सगळं उरकू म्हणाल, तर आखणी शिकवायला दिवसच उरत नाहीत. ज्या बायका गावात राहतात त्यांना डिसेंबरातच ए-फ्रेम धरायला लावा. हजेरीपटावर त्यांची नोंद अर्धकुशल म्हणून करून घ्यायला विसरू नका.