आकडा जुना, पॅकेज ताजं

२०२१च्या जुलैमध्ये हिंजवडीतल्या एका कंपनीत लिनक्स सर्व्हर सांभाळायच्या कामावर लागलो. बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स झालेलं, गाठीला घरच्या लॅपटॉपवर दोन वर्षं उबंटू चालवल्याचा अनुभव, आणि लिनक्स आपल्याला येतं असा ठाम समज. दुसऱ्याच आठवड्यात सुरक्षेतले दोष शोधणाऱ्या स्कॅनरचा रिपोर्ट हातात पडला. पानंच्या पानं लाल. त्यात एक ओळ परत परत येत होती: ओपनएसएसएच ७.४, जुनी आवृत्ती, धोका. (ओपनएसएसएच म्हणजे दुरून सर्व्हरवर लॉगिन करायचं सॉफ्टवेअर.)

सर्व्हर सेंटओएस ७चे होते, म्हणजे रेड हॅटच्या लिनक्सच्या फुकट अवताराचे. मी सरळ ओपनएसएसएच ८.६चा सोर्स उतरवला, तीन मशीनवर कंपाइल केला आणि जुन्याच्या जागी चालू केला. स्कॅन पुन्हा चालवला, तर लाल ओळी गायब. त्या रात्री मी फार छान झोपलो.

सकाळी दोन सर्व्हरवर कुणालाच लॉगिन होईना. तिथल्या लोकांचे पासवर्ड एलडॅपवर (सगळ्यांची खाती एका जागी ठेवणारी डिरेक्टरी) होते आणि ते पॅममार्फत, म्हणजे लिनक्सच्या लॉगिन तपासणाऱ्या व्यवस्थेमार्फत, तपासले जायचे. मी बांधलेल्या एसएसएचमध्ये पॅमचा आधारच नव्हता, कारण कंपाइल करताना तो पर्याय मुद्दाम द्यावा लागतो हे मला ठाऊक नव्हतं. आमच्या सीनियर सरांनी कन्सोलवरून शिरून दोन्ही मशीन पूर्ववत केली. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "अरे, चेंजलॉग वाचलास का?"

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी आता हाच प्रश्न विचारतो. चेंजलॉग म्हणजे पॅकेजमध्ये, तयार बांधून मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, काय बदललं त्याची नोंद. रेड हॅट, डेबियन, उबंटू यांच्या स्थिर आवृत्त्यांमध्ये भोक सापडलं की बहुतेक वेळा नवी आवृत्ती येत नाही. नव्या आवृत्तीतली तेवढीच दुरुस्ती उचलून जुन्या कोडला ठिगळ लावतात. याला बॅकपोर्ट म्हणतात. पुढचा आकडा तोच राहतो, मागचा बिल्ड नंबर तेवढा वाढतो. स्कॅनर बाहेरून दार ठोठावतो, त्याला '७.४' एवढंच ऐकू येतं. आमच्या रिपोर्टमधला एक दोष होता सीव्हीई-२०१८-१५४७३ (सीव्हीई हा जाहीर झालेल्या दोषाचा क्रमांक), म्हणजे सर्व्हरवर अमुक नावाचा युजर आहे की नाही हे बाहेरच्याला ताडता येणं. रेड हॅटने तो ७.४च्या एकविसाव्या बिल्डमध्ये, २०१९ सालीच बुजवला होता. सेंटओएसमध्येही तेच पॅकेज. आरपीएमला, म्हणजे पॅकेजची नोंद ठेवणाऱ्या साधनाला, चेंजलॉग विचारला असता तर दोन मिनिटांत कळलं असतं.

हार्टब्लीडचं उदाहरण याहून बोलकं आहे. एप्रिल २०१४मध्ये ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीतला हा दोष जाहीर झाला. समोरून सांगितलेली लांबी न तपासताच सर्व्हर उत्तर द्यायचा आणि एका विनंतीत ६४ केबीपर्यंत मेमरी बाहेर जायची, नशीब वाईट असेल तर खासगी किल्लीसकट. मूळ प्रकल्पाने १.०.१जी काढली, पण डेबियन ७मध्ये दुरुस्तीनंतरही आकडा १.०.१ईच होता. खरी गंमत (गंमत कसली!) पुढे आहे. पॅकेज बदललं तरी चालू असलेला वेब सर्व्हर मेमरीतली जुनीच लायब्ररी वापरत राहतो. सर्व्हिस रीस्टार्ट केली नाही, तर पॅच फक्त डिस्कवर असतो. कर्नलचंही, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचंही, तेच. म्हणून मुलाखतीत मी हमखास विचारतो: कर्नल अपडेट केला, मशीन रीबूट केलं नाही, तर चालू कोणता कर्नल आहे? पदव्यांची रांग लावलेली मुलंही इथे अडखळतात.

स्कोअरबद्दलही एक सांगतो. हार्टब्लीडला दोषाची तीव्रता मोजणाऱ्या तेव्हाच्या सीव्हीएसएस मोजणीत दहापैकी पाच मिळाले होते, म्हणजे 'मध्यम'. सुडो या अ‍ॅडमिनचे अधिकार मिळवून देणाऱ्या कमांडमधल्या जानेवारी २०२१च्या दोषाला, सीव्हीई-२०२१-३१५६ला, ७.८ मिळाले. पण ज्या मशीनवर पन्नास विद्यार्थी लॉगिन करतात तिथे तो पहिल्या नंबरचा, कारण साध्या युजरला रूट, म्हणजे मशीनचा सर्वाधिकारी, होता येत होतं. स्कोअर बघा जरूर, पण त्या मशीनवर कोण येतं-जातं हे आधी बघा.

अभ्यासाला महागडा कोर्स लागत नाही. व्हर्च्युअल मशीनमध्ये डेबियन टाका. डेबियनच्या सुरक्षा ट्रॅकरवर रोज एक सीव्हीई उघडा: कुठल्या आवृत्तीत दोष आहे, कुठल्यात नाही, का नाही. मग पॅचच उघडा. बहुतेक पॅच दहा-वीस ओळींचे असतात, सी भाषा जेमतेम येत असली तरी डोकं लावता येतं. महिनाभर हे केलं की रिपोर्टमधला लाल रंग बघून छाती धडधडायची थांबते. सर्टिफिकेट नंतर करा, एचआरला लागतं.

आता त्या तिसऱ्या मशीनचं. तिथे लॉगिन पासवर्डऐवजी एसएसएचच्या किल्लीने व्हायचं, त्यामुळे काही बिघडलं नाही आणि माझा हाताने बांधलेला ८.६ तिथेच राहिला. मी विसरलो, बाकीचेही विसरले. ३० जून २०२४ला सेंटओएस ७ची मुदत संपली, आणि दुसऱ्याच दिवशी ओपनएसएसएचमधला 'रिग्रेशन' जाहीर झाला, सीव्हीई-२०२४-६३८७. २००६ साली बुजवलेलं भोक ८.५मध्ये कुणाच्या तरी बदलाने पुन्हा उघडलं होतं. त्यामुळे डेबियन १२चा ९.२ धोक्यात होता आणि त्याआधीच्या डेबियन ११चा ८.४ सुरक्षित. सेंटओएसचा जुनापुराणा ७.४सुद्धा सुरक्षित.

आमच्या सगळ्या सेंटओएस ७ मशीनमध्ये यादीत एकच नाव आलं. यमने (सेंटओएसचं पॅकेज अपडेट करायचं साधन) त्यावर काहीच सुचवलं नाही, कारण माझ्या एसएसएचची त्याच्याकडे नोंदच नव्हती. संध्याकाळी सात वाजता मी कन्सोल उघडला, ८.६ काढून टाकला आणि ७.४ परत चालू केला. सर शेजारी चहा घेत उभे होते. या वेळी त्यांनी काहीच विचारलं नाही.