टीव्ही शुल्काला घटनात्मक आव्हान कसं मांडायचं

रत्नागिरीत वकिली करताना लॉच्या मुलांची मूट कोर्टची, म्हणजे सरावासाठीच्या नकली खटल्याची, तयारी मी करून घेते. यंदाचा प्रश्न आहे, सार्वजनिक प्रसारणासाठी घरटी सक्तीचं शुल्क लावलं तर आव्हान कसं द्यायचं? आपल्याकडचा पोस्टात भरायचा रेडिओ-टीव्ही परवाना १९८० च्या दशकातच गेला. त्यामुळे ताजे निकाल बाहेरचेच वाचावे लागतात.

बहुतेकांच्या कच्च्या मसुद्यात पहिलं वाक्य असतं, ‘अर्जदार टीव्ही बघतच नाही.’ ते खोडा. जर्मनीत २०१३ पासून हे शुल्क घरामागे आहे, घरात संच असो वा नसो. तिथल्या घटनात्मक न्यायालयाने १८ जुलै २०१८ ला सांगितलं की पाहण्याची सोय आहे, एवढं पुरे. जपानच्या सर्वोच्च न्यायालयानेही डिसेंबर २०१७ मध्ये एनएचके या तिथल्या सार्वजनिक प्रसारकाशी करार करण्याची सक्ती वैध ठरवली.

मग शोधायचं काय, तर एकाच माणसाकडून दोनदा वसुली होते का. त्याच जर्मन निकालात दुसऱ्या घराचं शुल्क मात्र घटनाबाह्य ठरलं. हे आपल्या मुलांना समजवावं लागत नाही. डोंबिवलीत फ्लॅट, देवगडला गणपती-शिमग्यापुरतं उघडणारं गावचं घर, असा चाकरमानी प्रत्येकाच्या नात्यात आहे. त्यालाच अर्जदार करा. न्यायमूर्ती विचारतील, ‘घरपट्टी दोन्हीकडे भरतोच ना?’ उत्तर तयार ठेवा: घरपट्टी घरावर असते, हे शुल्क माणसाला मिळणाऱ्या सोयीचं आहे, आणि त्या सोयीचे पैसे त्याने एकदा दिलेत.

दुसरा प्रश्न, दर कोणी ठरवला? दक्षिण कोरियात १९९९ मध्ये केबीएस या सार्वजनिक प्रसारकाने स्वतःच दर ठरवणं घटनेशी विसंगत ठरलं, कारण तो निर्णय संसदेचा. आपल्याकडे इथे घटनेचा अनुच्छेद २६५ लावा: कायद्याच्या अधिकाराशिवाय कर नाही. त्याआधी हा कर आहे की फी, ते ठरवा. कर आणि सेवेच्या मोबदल्यातली फी यांतला फरक सांगणारा सर्वोच्च न्यायालयाचा १९५४ चा शिरूर मठ निकाल मुळातून वाचा, मात्र सगळी भिस्त त्यावर नको. पुढच्या निकालांत सेवा आणि फी यांचा हिशेब तितका काटेकोर राहिलेला नाही.

विरुद्ध बाजूही मनापासून अभ्यासा. डिसेंबर २०२० मध्ये जर्मनीतल्या सॅक्सनी-आनहाल्ट राज्याने महिना ८६ सेंटची वाढ अडवली, तेव्हा २०२१ मध्ये त्याच जर्मन न्यायालयाने तो प्रसारणस्वातंत्र्याचा भंग मानला. मला ते पटतं. वाहिनीचा पैसा सरकारच्या मर्जीवर राहिला की बातमीही मर्जीवर राहते. म्हणून संपूर्ण शुल्क रद्द करा, अशी मागणी मी लिहू देत नाही.

मागणी नेमकी लिहा: दुसऱ्या घराला सूट, दर संसदेने ठरवावा, निकालापर्यंत दुहेरी वसुली थांबवावी. जर्मनीत कायदा सुधारायला ३० जून २०२० पर्यंत मुदत मिळाली होती, पण एका घराचं शुल्क भरणाऱ्याला अर्ज करून दुसऱ्याची सूट लगेच मागता येत होती. तसाच अंतरिम आदेश उच्च न्यायालयाकडे मागा, रिट अधिकाराच्या अनुच्छेद २२६ खाली.